जेवून घे, मग सांगतो

माणसाला चेहराही असतो, ही गोष्ट आमच्या वहिनीच्या मामांना फार उशिरा कळली असावी. जगाशी त्यांची जी काही ओळख होती, ती कमरेखालून. शहापूरच्या बाजारात कुणी समोरून हसत, नमस्कार करत आलं, की मामा त्याच्याकडे कोऱ्या नजरेने पाहत राहायचे. तो बिचारा खट्टू होऊन वळला, दहा पावलं चालून गेला, की मागून खणखणीत हाक यायची, "अहो सावंत! तुम्ही होय! मघाशी उभे होतात म्हणून ओळखलं नाही." बसलेला माणूस तर त्यांच्या लेखी परकाच. आमच्या आळीतल्या ग्रामसेवकाचं नाव त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. ते त्याला 'उजवी टाच' म्हणायचे, आणि 'उजवी टाच बरी आहे ना हो?' असं त्याच्या बायकोला भर रस्त्यात विचारायचे. पोस्टमन फाटकाशी येण्याआधीच हे आतून सांगणार, "पोस्टमन आला. आज गुडघा दुखतोय त्याचा, पत्र तुम्हीच जाऊन घ्या."

मामा लहान मुलांच्या हाडांचे आणि स्नायूंचे डॉक्टर. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यांचं आयुष्य गेलं. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. वहिनीचे वडील ती लहान असताना वारले, तेव्हा मामांनी तिला आपल्याकडे आणली आणि वाढवली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर ते भाचीच्या जवळ म्हणून इकडे आले; पण राहिले मात्र खर्डीला, दोन खोल्या भाड्याने घेऊन. शहापुरात आमच्या घरी राहा म्हटलं तर म्हणाले, "भाचीच्या घरी राहिलं की दोन महिन्यांत माणसाचं फर्निचर होतं. तिसऱ्या महिन्यात त्यावर कपडे वाळत घालतात." मग दर रविवारी ते जेवायला यायचे आणि जेवण झालं की परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ओट्यावर बसून रस्त्यावरची पावलं बघायचे.

माझी आणि त्यांची पहिली भेट दादाच्या लग्नाच्या बोलणीत झाली. आम्ही पाच-सहा जण मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, आमच्या आत्याने रीतीप्रमाणे मुलीला चार पावलं चालून दाखव म्हणून सांगितलं. मामा कोपऱ्यातून उठले आणि म्हणाले, "तिला मी पहिल्या पावलापासून बघतोय. तिचं सोडा. मुलाला चालवा." आधी आम्हाला ती थट्टा वाटली. पण त्यांनी दादाला खरोखरच बूट-मोजे काढायला लावले, अंगणात दारापासून विहिरीपर्यंत दोनदा चालवलं, एकदा टाचांवर, एकदा चवड्यांवर. मग उकिडवं बसवलं आणि हात न टेकता उठायला लावलं. आमची आत्या रागाने लालबुंद. नवरामुलगा नव्या पँटीच्या शिवणीला जपत उठला तेव्हा खिडकीआड वहिनी तोंडात पदर कोंबून हसत होती. मामांनी हात झटकले आणि निकाल दिला, "मुलगा सरळ आहे. करा लग्न." पत्रिका त्यांनी मागितली नाही. पगारही विचारला नाही.

मी मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडच्या एका वाडीतल्या प्राथमिक शाळेवर मास्तर आहे. मामांना याचा शोध लागला आणि माझे शनिवार संपले. सकाळची शाळा असली की ते मला शहापूरच्या नाक्यावर उभे दिसायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत गुडघ्यावर ठोकायची रबरी हातोडी, एक मोजपट्टी आणि पाव किलो चिंचोके. मोटरसायकलवर मागे बसून किन्हवलीवरून सरळगावापर्यंत ते रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येक पोराची मला खबर द्यायचे. "मास्तर, हळू. ती निळ्या फ्रॉकवाली बघा. नाही, काही नाही, चप्पल मोठी आहे तिला." शाळेत पोचलं की ते मुलांना काही विचारायचे नाहीत. कुठे दुखतं का, काय होतं, काही नाही. ओसरीवर उभं राहून चिंचोके उधळायचे आणि ओरडायचे, "जो जास्त वेचील तो राजा!" पोरं तुटून पडायची. मामा मात्र कोण जास्त वेचतंय ते बघत नसत. कोण कसं खाली बसतंय आणि कोण कसं उठतंय, तेवढंच बघायचे. पहिल्या शनिवारी आमच्या मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे खरंच डॉक्टर आहेत ना? तुम्ही कागद बिगद बघितलेत का?"

मुरबाडला एका लग्नात तर त्यांनी आम्हाला मान खाली घालायला लावली. आम्ही पंगतीला बसलो, मामा दिसेनात. शोधायला बाहेर आलो तर दारापाशी ही गर्दी. मध्ये मामा, हातात एका लहान मुलीची सँडल, आणि कार्यालयाच्या रखवालदाराने त्यांचं मनगट धरलेलं. "अर्धा तास बघतोय मी," रखवालदार सांगत होता, "हा म्हातारा एकेक चप्पल उलटी करून बघतोय. चांगला जोड निवडून घ्यायचा विचार असंल!" मामांना मनगटाचं काहीच नव्हतं. ते सँडलचा तळ सगळ्यांना दाखवत ओरडत होते, "टाच कोरी आहे आणि पुढचं सगळं घासलंय! मला या सँडलमधली पोर पाहिजे!" पोर सापडली. सहा वर्षांची, चवड्यांवर तुरुतुरु चालणारी. नाचरी आहे म्हणून घरात तिचं कौतुक चालायचं. तिच्या टाचेमागची शीर आखडलेली होती. वेळेवर प्लास्टर बांधून, पट्ट्या लावून ती नीट झाली. पुढे तिचे वडील खर्डीला पाया पडायला आले तेव्हा मामांनी त्यांना ओळखलं नाही. पण मुलगी दारातून आत आली तशी तिच्या पावलांकडे बघून त्यांचा चेहरा उजळला.

सगळ्याच वेळी असं होत नसे. टोकावड्याकडच्या एका पाड्यावर सात वर्षांचा एक मुलगा होता. माझ्याच शाळेतला. चिंचोके वेचायला बसला की उठताना आधी गुडघे धरायचा, मग मांड्या धरायचा, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. मामांनी त्या शनिवारी पिशवी आवरली आणि म्हणाले, "याच्या घरी जायचंय." घरी आजी होती, आई होती. आजीने नातवाला पुढे ओढलं आणि हौसेने त्याच्या पोटऱ्या दाखवल्या. दगडासारख्या टणक, वयाच्या मानाने भलत्याच मोठ्या. "आज्यावर गेलाय माझा नातू," ती म्हणाली. "पिंडऱ्या बघा कशा भरल्यात. पैलवान होनार तो, डाक्टर." मामा खाली बसले आणि त्या पोटऱ्या दोन्ही हातांत धरून राहिले. मला वाटलं आता काही बोलतील. ते म्हणाले, "आजी, भूक लागलीय. काय आहे?"

तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. मामा जेवले, पण आधी त्यांनी हट्ट धरून त्या मुलाच्या आईला आपल्यासमोर जेवायला बसवलं. ती संकोचाने अंग चोरून खात होती. तिने हात धुतला, पदराला पुसला, तेव्हा मामांनी तिला समोर बसवून हळू आवाजात सगळं सांगितलं. की ही ताकद नाही, स्नायू झिजतायत आणि त्यांच्या जागी चरबी भरतेय. की हे वाढत जाईल. की यात तिचा दोष नाही, कुणाची नजर नाही, बाहेरचं काही नाही. कुठल्या रुग्णालयात, कुठल्या वारी जायचं, काय केलं म्हणजे तो जास्त वर्षं चालेल. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे तो बरा नाय व्हनार?" मामा म्हणाले, "नाही, बाई."

परतताना सरळगावला चहाला थांबलो तेव्हा आपण होऊन म्हणाले, "असलं सांगायचं ते जेवून सांगावं, मास्तर. ऐकल्यावर बाई चार-चार दिवस जेवत नाही. निदान एक जेवण तरी पोटात असलेलं बरं." घरी वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माहीत आहे. रुग्णालयातसुद्धा डब्यातली पोळी पोरांच्या आयांना द्यायचे. स्वतः उपाशी यायचे आणि मामी चिडायची." हे त्यांचं विक्षिप्तपण ती आल्यागेल्याला हसत हसत सांगायची.

दादा-वहिनीची जुई चार वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी माझ्या लक्षात आलं, की मामा आता ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसतात. जुई अंगणात खेळायला लागली की आत जाऊन पडतात. "जुई, इकडे ये" असं पूर्वी दिवसातून पन्नास वेळा म्हणणारे मामा आता स्वतः उठून तिच्याकडे जायचे, तिला यायला लावायचे नाहीत. जिन्यावर तिला कडेवर घ्यायचे. वहिनी रागवायची, "मामा, चार वर्षांची घोडी झालीय, लाडावून ठेवू नका." मी शनिवारमागून शनिवार त्यांच्या शेजारी उभा राहिलो होतो, थोडंफार मलाही दिसायला लागलं होतं. जुई जमिनीवरून उठताना कोपराने भिंत शोधायची. चित्र रंगवताना तिची बोटं पाण्यावरच्या पानासारखी थरथरायची. सपाट अंगणात, कशालाही न अडखळता, ती पडायची.

मी एकदा त्यांना गाठलं. "मामा, जुई..."

"तुम्ही शाळा शिकवा," ते म्हणाले. इतक्या कडवट आवाजात ते माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाहीत. मी गप्प बसलो. माझ्या सोयीचंच होतं ते. डॉक्टर ते होते, मी नव्हतो. त्यांना काही दिसत नसेल तर काही नसेलच, असं मी आठ महिने स्वतःला सांगत राहिलो. वाड्यावाड्यांतून अनोळखी पोरांच्या मागे धावणारा तो माणूस आठ महिने आमच्या घरी येऊन, जेवून, गप्प परत गेला.

मग एका रविवारी वहिनीने स्वयंपाकघरात त्यांना हळूच सांगितलं, की जुईला भावंड येणार आहे. दुसरा महिना चाललाय. मी दारात होतो. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मग ते बाहेर येऊन अंगणात उभे राहिले. पानं वाढली तरी आत येईनात. आले तेव्हा वहिनीकडे बघून म्हणाले, "आज आधी नीलू जेवेल."

"हे काय नवीन?" वहिनी हसली. "तुम्ही बसा, मी मागून बसते."

"बस म्हणतो ना. जेवून घे."

ती बसली. मामांनी स्वतः वाढलं. वालाचं बिरडं होतं, गरम भाकरी होत्या. तिने एक भाकरी संपवली, त्यांनी दुसरी वाढली. ती बडबडत होती, डोहाळ्यांचं, दवाखान्याचं, बाळाच्या नावांचं. अर्धी भाकरी उरली असताना मामा म्हणाले, "तेवढी संपव," आणि त्यांचा आवाज फाटला. वहिनीचा हात ताटातच थांबला. तिने आधी मामांकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं.

"मामा," ती म्हणाली, "मला का जेवायला लावताय?"

बाहेर जुई कुणाला तरी आपल्या बाहुलीचं लग्न सांगत होती.

"जुईचं सांगायचंय?"

मामांनी मान हलवली.

त्यांनी सगळं सांगितलं. पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम जातात, ते पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. गुडघ्यावर ठोकलं तर जुईचा पाय उडत नाही. ती झोपली असताना त्यांनी एका दुपारी तपासलं होतं. हे आईबापांच्या रक्तातून येतं, दोघांकडून अर्धं अर्धं, आणि दोघांनाही काहीच होत नसल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून पोटातल्या बाळाची तपासणी आताच व्हायला हवी, आणि त्यासाठी आधी जुईचं नि तुम्हा दोघांचं रक्त. "मी याला अंगणात चालवला होता," दादाकडे बोट करून मामा म्हणाले. "सरळ आहे म्हणालो होतो."

वहिनीने विचारलं, "कधीपासून माहितीय?"

"आठ महिने."

"रस्त्यावरच्या पोरांच्या आयांना थांबवून सांगता. लोकांच्या चपला उलट्या करून बघता. आणि माझ्या पोरीला आठ महिने नुसते बघत बसलात?"

"मी सांगितलं असतं, तर त्या दिवसापासून ती आजारी झाली असती, नीलू," मामा म्हणाले. "तोवर ती नुसती हळू चालणारी मुलगी होती. मला ती तशी थोडे दिवस हवी होती."

वहिनी उठली, ताट मोरीत ठेवलं आणि बाहेर जाऊन जुईला उचलून आत घेऊन आली. मामा खर्डीला कधी गेले ते कुणी पाहिलं नाही.

रक्ताचे रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. जुईबद्दल मामा बरोबर होते; ते चुकत नसत. मग पोटातल्या बाळाची तपासणी झाली; त्याला काही नव्हतं. त्या रिपोर्टाचा कागद दादाने इतका घट्ट धरला होता, की फाटला. मुलगा झाला, तो आज घरभर धावतो. जुईच्या आजारावर अलीकडे औषध निघालंय. गेलेलं परत आणत नाही, उरलेलं राखतं, आणि जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, असं म्हणतात. तिला ते मिळायला पुढे दोन वर्षं गेली. त्यात मामांच्या आठ महिन्यांनी काय फरक पडला, कुणी सांगू शकत नाही. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसाही उशीरच झाला असता. वहिनीने ऐकून घेतलं. पण त्या मधल्या काळात जुईने जिना सोडला, मग अंगण सोडलं, आणि सातव्या वर्षी ती चाकांच्या खुर्चीत बसली.

वहिनी मामांशी जवळजवळ वर्षभर बोलली नाही. मामा तरीही यायचे. रविवारचे नाही, रोज. सकाळच्या गाडीने यायचे, ओट्यावर चटई टाकून जुईच्या पायांचे व्यायाम करून घ्यायचे, टाचा ताणायचे, पाठ सरळ ठेवायचे, आणि चहासुद्धा न घेता परत जायचे. वहिनी दाराआडून बघायची. एक दिवस तिने बाहेर येऊन विचारलं, "हा पाय किती वेळ धरायचा?" मामा म्हणाले, "वीस मोजायचे." तिने दुसरा पाय धरला. त्यांच्यातलं बोलणं असं वीसपर्यंतच्या आकड्यांनी परत सुरू झालं. तिने त्यांना माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. शनिवारी मामा पुन्हा नाक्यावर उभे राहायला लागले, चिंचोके घेऊन. पण आता कुणाच्या घरी सांगायला गेले की सांगून लगेच निघत नसत. दिवस मावळेपर्यंत त्या घरात बसून राहत. बोलायचे काही नाहीत, नुसते बसायचे.

गेल्या वर्षी मामा खर्डीच्या फलाटावर पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. वहिनी स्वतः गेली आणि त्यांना आमच्याकडे घेऊन आली. विचारलं नाही, सरळ आणलं. ऑपरेशन झालं, पण म्हाताऱ्या अंगाने उभारी धरली नाही. त्यांची खाट आम्ही पुढच्या खोलीत लावली. जन्मभर दुसऱ्यांना चालवणारा माणूस खाटेवरून खुर्चीत जायला घाबरायचा. दादाने धरलं तरी घाबरायचा, मी धरलं तरी. शेवटी जुईने आपली खुर्ची त्यांच्या खाटेला आणून लावली.

"आजोबा, घाई नाही करायची," ती सांगायची. "आधी हात टेकायचा. मग खुर्चीचा ब्रेक बघायचा. मग सरकायचं. उडी नाही मारायची, सरकायचं."

"असं?"

"असं नाही, तिरकं. मला बघा ना तुम्ही."

मामा तिला बघायचे. मग तिरके सरकायचे. जमलं की ती टाळ्या वाजवायची आणि ते इतके लाजायचे, की आम्हीच दुसरीकडे बघायचो. दुपारी दोघांच्या खुर्च्या उन्हाला ओट्यावर असायच्या. दोघं पेरू खायचे आणि बिया कोण लांब थुंकतं यावरून भांडायचे. वहिनी आतून ओरडायची, आवाजात राग नसायचा.

थंडी सरता सरता एका पहाटे मामा झोपेतच गेले.

त्यांचे दिवस झाल्यावर मी जुईला घेऊन ओट्यावर बसलो होतो. ती रस्त्यावरची पावलं बघत होती. मग म्हणाली, "काका, आजोबांना मी नीट शिकवलं होतं ना?"

"नीटच शिकवलं होतंस."

तिने विचार केला. "मग तिकडे पडायचे नाहीत ते," ती म्हणाली.

"नाही पडायचे," मी म्हणालो. ऊन तिच्या डोळ्यांवर यायला लागलं होतं. मी ब्रेक सोडला आणि तिची खुर्ची हळूच सावलीत घेतली.